अक्षहृदय

पत्ते खेळण्याचा मला नाद आहे, ही गोष्ट मी आजवर चारचौघांत कबूल केलेली नाही. सभ्य गृहस्थाने बुद्धिबळे खेळावीत, फार तर ब्रिजचा डाव मांडावा. पैसे लावून तीन पत्ती खेळणाराने निदान त्याविषयी लिहू तरी नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडताना माझ्याजवळ समर्थन एवढेच की, माझा नाद वर्षातल्या एक-दोन रात्रींपुरता आहे, त्याची बैठक कर्जत तालुक्यातल्या कळंब गावी माझ्या मामांच्या ओटीवर भरते, आणि पहाटेपर्यंत जागूनही कुणाचे शंभर-सव्वाशे रुपयांहून अधिक जात नाहीत. एवढ्याशा खेळासाठी मी एकदा रीतसर शास्त्राभ्यास केला. त्या अभ्यासाची किंमत मला द्यावी लागली नाही. ती दुसऱ्याने दिली. म्हणून हे लिहिणे.

कळंबला जायचे म्हणजे नेरळला गाडीतून उतरायचे. तेथे उतरणाऱ्या बहुतेक पाहुण्यांची तोंडे माथेरानच्या डोंगराकडे असतात. आम्ही त्या डोंगराकडे पाठ करून उल्हास नदीच्या बाजूला वळतो. भाद्रपदात नदीचे पाणी गढूळ असते, दोन्ही अंगांची भाते पोटरीला आलेली असतात, आणि समोर सह्याद्रीची भिंत निम्मी ढगांत गेलेली असते. गौरी जेवल्या, आरती झाली, भजनी मंडळींनी चहा घेऊन टाळ पिशवीत घातले, की मामी ओटीवर सतरंजी अंथरतात. जागरण देवाचे, त्यात आपल्याला झोप येऊ नये म्हणून पत्ते, असे मामांचे म्हणणे. या जिल्ह्याला कुलाबा म्हणत तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. रीत होती तशीच राहिली.

तीन पत्ती ज्यांनी कधी खेळली नसेल अशा वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. प्रत्येकाने आधी मध्ये एक रुपया टाकावयाचा आणि तीन पाने घ्यावयाची. पुढे ज्याला आपली पाने बरी वाटतात तो चाल करून पैसे वाढवतो. ज्याला वाटत नाहीत तो पाने टाकून मोकळा होतो. शेवटी दोघेच उरले म्हणजे एकजण ‘शो’ मागतो, आणि ज्याची पाने मोठी त्याचे सारे पैसे. पाने न पाहता आंधळे खेळण्याचीही मुभा आहे, आणि आंधळ्याला पाहणाराच्या निम्मेच पैसे घालावे लागतात. इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ नावाच्या तीन पानी खेळाशी या खेळाचे जवळचे नाते आहे, आणि अमेरिकेतला पोकर हा त्याच घराण्यातला, पण अधिक शिकलेला भाऊ. मामांच्या घरचा एक जादा नियम आहे. डाव जिंकणाराने बाजूला ठेवलेल्या ताम्हनात एक रुपया टाकायचा. त्यातून दुसऱ्या दिवशीचा हार आणि रात्रीचे दूध येते. या ताम्हनाकडे मी वीस वर्षांत कधी नीट पाहिले नव्हते.

ती वीस वर्षे मी बहुधा हरतच आलो. मामा जिंकत, पोस्टातून निवृत्त झालेले शेजारी जिंकत, एखाद्या वर्षी मामीसुद्धा जिंकत; मी मात्र मुंबईच्या कचेरीत हिशेब तपासणारा मनुष्य असून गौरीच्या रात्री माझा हिशेब हटकून चुके. एका संध्याकाळी फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना पोकरच्या डावपेचांवरील एक इंग्रजी पुस्तक हाती लागले. पाठपुठ्ठा निघालेला होता आणि समासात कुणी तरी पेन्सिलीने गुणाकार करून ठेवले होते. मी ते पुस्तक घेतले, आणि तो पावसाळा संपेपर्यंत गाडीत जाता-येता वर्तमानपत्राच्या घडीत लपवून वाचले. लपवण्याचे कारण वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

त्या पुस्तकाने मला पहिला धडा दिला तो मोजण्याचा. बावन्न पानांतून पाच पाने पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ तऱ्हांनी उचलता येतात; हा पोकरचा पसारा. आमच्या तीन पानांचा संसार त्यामानाने आटोपशीर आहे. २२,१०० तऱ्हा, बस. एका रविवारी मी कागद घेऊन त्यांची वाटणी केली. तीन सारखी पाने, म्हणजे ट्रेल, ५२ वेळा. एकाच रंगाची ओळीने येणारी तीन पाने ४८ वेळा. नुसती ओळ ७२० वेळा, नुसता रंग १,०९६ वेळा, जोडी ३,७४४ वेळा. उरलेल्या १६,४४० वेळा हातात काहीही नसते. म्हणजे सरासरीने चारांतले तीन हात रिकामे! वीस वर्षे मी स्वतःला दुर्दैवी समजत होतो. मला पाने इतरांसारखीच येत होती. मी ती टाकत नव्हतो, एवढाच काय तो फरक.

या मोजणीत एक मौजेची गोष्ट निघाली. एकाच रंगाची ओळ ही ट्रेलपेक्षा दुर्मिळ आहे, पण सारे जग ट्रेलला मोठे मानते. मी हे मोठ्या अभिमानाने मामांना सांगितले आणि नियम बदलावा असे सुचवले. मामा पत्ते पिसत होते. ते म्हणाले, “अरे, तीन एक्के हातात आले म्हणजे माणसाला जे होतं, ते तुझ्या ओळीनं होतं का? मग झालं तर.” यावर माझ्या कागदात उत्तर नव्हते.

दुसरा धडा सौद्याचा. मध्ये साठ रुपये जमले आहेत आणि पुढे राहावयाचे तर दहा घालावे लागतात. अशा सात प्रसंगांत आपण एकदा जरी जिंकणार असलो तरी सौदा बरोबरीचा; त्याहून कमी वेळा जिंकणार असू तर पाने टाकावीत, मग ती कितीही लाडकी असोत. आतापर्यंत किती पैसे घातले याचा विचारच करायचा नाही, कारण ते पैसे आता आपले राहिलेले नाहीत. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पाने हातात धरून बसले असता ते मनाला पटवताना घाम फुटतो.

तिसरा धडा थापेचा, आणि माझी फजिती झाली ती येथे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली बैठ्या खेळांचे शास्त्र मांडले, आणि पुढे १९४४ मध्ये मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या जोडीने लिहिलेल्या जाड ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन केले. त्याने दाखवून दिले की, थाप हा खोडसाळपणा नसून खेळाचा आवश्यक भाग आहे. जो कधीच थाप मारत नाही त्याच्या मोठ्या चालीला कुणी पैसे देत नाही. आणि थाप मारायची ती मध्यम पानांवर नव्हे, तर अगदी निकस पानांवर. मध्यम पानांनी मुकाट्याने शो दाखवावा. निकस पानांना दुसरा मार्गच नसतो. हा सिद्धान्त मला इतका आवडला की, त्या वर्षी गौरीच्या रात्री दुर्री, तिर्री आणि पंजी अशी निरनिराळ्या रंगांची पाने हाती येताच मला भरून आले. याहून खालचा हात बावन्न पानांत नाही. मी चाल केली, ती वाढवली, पुन्हा वाढवली. पोस्टवाल्यांनी पाने टाकली, मामांनी टाकली. उरल्या मामी. त्यांनी चष्मा वर सारला, माझ्याकडे पाहिले, आणि कनवटीचे दहा रुपये काढून मध्ये ठेवले. “पाहू तरी काय आहे ते! गेले तर गेले दहा रुपये.” त्यांच्याजवळ छक्क्यांची जोडी होती.

फॉन नॉयमनचा प्रतिस्पर्धी पैसा राखण्यासाठी खेळतो. मामी पाहण्यासाठी खेळत होत्या, आणि दहा रुपयांत त्यांचे कुतूहल भागत होते. जेथे खेळ स्वस्त आहे तेथे पाने टाकून देण्याइतके कुणीच भीत नाही. आणि जो भीत नाही त्याला थापेने उठवता येत नाही. ही गोष्ट पुस्तकातही होती, पण शेवटच्या प्रकरणात, बारीक टाइपात. सामान्य बैठकीत खेळणाराने थापा मारू नयेत. चांगल्या पानांची वाट पाहावी आणि ती आली म्हणजे निःसंकोचपणे पैसे वाढवावेत, एवढाच उपदेश ग्रंथकाराने केला होता. सारे शास्त्र शेवटी बगळ्यासारखे उभे राहण्यावर येऊन ठेपले!

मी बगळा झालो. चारांतले तीन हात मुकाट्याने टाकू लागलो. सहाजणांच्या बैठकीत साधारण सहांपैकी पाच डावांत कुणाजवळ तरी निदान जोडी असतेच, हे एकदा कळल्यावर नुसत्या राजा-राणीवर धावून जाण्याची हौस राहत नाही. पुढची तीन वर्षे मी हरलो नाही. एका रात्री तर तीनशे चाळीस रुपये जिंकले, म्हणजे आमच्या ओटीवर उत्पातच. पण त्या रात्री दीड वाजताच मंडळींना जांभया येऊ लागल्या. मी चाल केली की सगळे पाने टाकत, आणि मी पाने टाकली की सगळ्यांना सुटल्यासारखे होई. कुणी काही बोलले नाही. सकाळी मागच्या दारी तोंड धुताना मामा एवढेच म्हणाले, “खेळ तुला चांगला जमला आता. पण बोलत नाहीस हल्ली.” खरेच होते ते. मी मनात मोजत असे.

मामांचा खेळ मी पहिल्यांदा नीट पाहिला तो त्यानंतर. पहिल्या दोन फेऱ्या ते पाने उचलतच नसत. मला तो जुन्या माणसाचा डौल वाटे. वस्तुतः आंधळ्याला निम्म्या किमतीत बसता येते, आणि तेवढ्या वेळात ते इतरांची तोंडे वाचत असत. पाने उचलल्यावर कोण पुन्हा एकदा पाहतो, कोण चटकन पालथी ठेवतो, कोण पाण्याचा तांब्या ओढतो. मी बावन्न पाने मोजत होतो; ते पाच माणसे मोजत होते. आणि मला वाटते, कुणाला त्या रात्री जिंकण्याची गरज आहे हेही त्यांना दिसत असावे, कारण काही डाव त्यांनी का सोडले याचा खुलासा माझ्या कोष्टकातून होत नसे.

ते कोष्टक मी २०२२ च्या गणपतीत मामांच्या नातवाला लिहून दिले. हा मुलगा बी. कॉम. होऊन नुकताच नोकरीला लागला होता. त्याने विचारले, “काका, तुम्ही दरसाल जिंकता कसे?” असा प्रश्न विचारणारा मनुष्य आपल्याला किती शहाणा वाटतो! मी दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे सहा आकडे लिहिले, साठ रुपयांच्या सौद्याचे उदाहरण घातले, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले: चारांतले तीन हात टाकणे. त्याने कागद घडी करून मोबाईलच्या वेष्टणात ठेवला. मला गुरुपदाचा आनंद झाला.

२०२५ च्या शिमग्यानंतर त्याच्या वडिलांचा मला फोन आला. मुलगा रात्री फोनवर पोकर खेळत होता. अठ्ठावन्न हजार गेले होते; त्यांतले काही उसने होते. “तुझ्या कागदावरून शिकला म्हणतो,” एवढे सांगून ते थांबले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

त्यानंतर कित्येक रात्री मी आपल्या त्या कागदात चूक शोधत होतो. आकडे बरोबर होते. चूक जे लिहिले नाही त्यात होती. मामांच्या ओटीवर तासाला दहा-पंधरा डाव होतात. कुणी तंबाखू मळतो, कुणी आत जाऊन येतो, मूल रडते. फोनवर एका रात्रीत शेकडो डाव होतात. आणि तेथे ताम्हन फोनवाल्याचे असते. समजा, सारख्याच हुशारीचे सहाजण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले, आणि मालकाने दर डावातून शेकडा पाच उचलले. शंभर रुपयांचे सहाशे डाव झाले की, सहा हजारांतले तीन हजार मालकाच्या पेटीत गेले. सहाही जण न चुकता खेळले तरी गेले. हा साधा भागाकार करायला मला दहा मिनिटे लागली नसती. हिशेब तपासणे हा माझा धंदा, आणि मी ताम्हनच हिशेबात धरले नव्हते, कारण आमच्या ताम्हनातले पैसे सकाळी झेंडूच्या हाराच्या रूपाने परत येत.

शिवाय मी त्याला पाने टाकायला सांगितले खरे, पण कोष्टक दिले ते जिंकण्यासाठी म्हणून. चोविसाव्या वर्षी एकट्याने, अंधारात, तीन हात टाकून चौथ्याची वाट पाहत बसणे म्हणजे काय, याचा विचार मला शिवला नाही. ओटीवर पाने टाकली तरी गप्पांत बसता येते. फोनवर पाने टाकली की काहीच उरत नाही.

या काळात मी नळाची कथा पुन्हा काढून वाचली. नळ द्यूतात राज्य हरला, वनात गेला, आणि बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला. आपल्या विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाची पाने नि फळे धावत्या रथातून मोजून दाखवली. नळाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवून खरोखरच मोजदाद केली, ती जुळली, आणि मग अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याला ऋतुपर्णाकडून अक्षहृदय मिळाले. लहानपणी मला यातला चमत्कार तेवढा आवडे. आता वाटते की, फाशांचे रहस्य सांगण्याआधी झाड मोजून दाखवणारा तो राजा माझ्याहून चांगला शिक्षक होता. ती विद्या घेऊन नळाने पुष्कराला पुन्हा खेळायला बसवले आणि एका डावात सर्व जिंकले. नंतर पुष्कराचा वाटा त्याला परत देऊन सन्मानाने घरी पाठवले. बृहदश्व ऋषींनी ही कथा सांगून युधिष्ठिरालाही तीच विद्या दिली, पण केव्हा? राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावून झाल्यावर, वनात. पुढे विराटाच्या घरी कंक होऊन त्याने ती वापरली, आणि जिंकलेले द्रव्य गुपचूप भावांना वाटले, असे विराटपर्वात आहे. शहाणा झालेला धर्मराज शेवटी लहान डावांचा खेळाडू झाला. त्याही बैठकीत एकदा विराटाने रागाच्या भरात फासा फेकून त्याचे तोंड फोडले, तो भाग निराळा.

कायद्याचेही या विषयाशी जुने भांडण आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले, आणि तेव्हापासून कौशल्य कोठे संपते नि दैव कोठे सुरू होते यावर न्यायालये कीस काढीत आली. रमीत कौशल्याचे प्राबल्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. फोनवर पैशांचे खेळ मांडणारे आपल्या समर्थनार्थ याच मुद्द्याचा आधार घेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून ऑनलाइन खेळांपुरता हा वादच निकालात काढला: पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा असो की दैवाचा, त्याला बंदी. राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २२ ऑगस्टला. त्या वर्षी चतुर्थी २७ ला होती. एखाद्याला यात दैवी संकेत दिसेल. मला दिसले ते एवढेच की, मुलाचे पैसे आधीच गेले होते. पोकर कौशल्याचा खेळ आहे हे मला आजही मान्य आहे. कौशल्याचे खेळ अधिक सुरक्षित असतात असे मला पूर्वी वाटे, ते आता वाटत नाही. नुसत्या दैवाच्या खेळात हरलेला मनुष्य दैवाला शिव्या देऊन उठतो. कौशल्याच्या खेळात त्याला वाटते, आणखी थोडे शिकलो की झाले.

त्या गौरीच्या रात्री मी कळंबला गेलो, पण खेळायचे नाही असे ठरवूनच गेलो होतो. पाऊस होता. मुलगा दाराशी उभा राहून माझी छत्री घ्यायला आला. बोलणे सुचेना म्हणून मी नोकरीचे विचारले. त्याने कर्जाचे सांगितले: महिन्याला चार हजार फेडतो आहे, निम्मे झाले. मग मोबाईलच्या मागून तो कागद काढून त्याने माझ्यापुढे धरला. घड्यांवर फाटला होता. “तुमचं गणित चुकलेलं नव्हतं, काका. मला तीन हात टाकून बसवत नव्हतं.” मी त्याला ताम्हनाचा हिशेब सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि म्हणाला, “तो मी जूनमध्ये केला.”

भजन संपले. मामींनी सतरंजी अंथरली, पण पैशांची पिशवी आणली नाही. आतून डबा आणून मध्ये ओतला. चिंचोके होते. आमच्या लहानपणी याच चिंचोक्यांवर आम्ही खेळत असू. पोस्टवाले काही बोलणार होते, पण मामांनी पाने वाटायला सुरुवात केली होती, आणि नातवापुढेही तीन पाने पडली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती उचलली. टाकली. पुढच्या डावात उचलली, टाकली. चिंचोक्यांना कुणीच भीत नव्हते. मामी प्रत्येक डावात शो मागत होत्या, पोस्टवाले एक्क्यावर एकटे लढत होते, मी दोन तासांत सत्तर चिंचोके हरलो आणि रात्रभर बोलत होतो. मुलगा पाने टाकत राहिला, मध्येच आजीच्या हातातली पाने पाहून हसला, आणि चौथ्या-पाचव्या हाताला शांतपणे पुढे सरकला. अडीच वाजता सर्वांत मोठा ढीग त्याच्यापुढे होता.

त्याने ओंजळीने सारे चिंचोके डब्यात भरले. मामींनी डबा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, “कमी वाटतात. सतरंजीखाली बघा रे कुणीतरी.” आम्ही सगळे उठून सतरंजी झटकू लागलो.